जागेश्वर मास्तरांच्या पालथ्या कवड्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संगीत वर्गाला इतकी वर्षे आपली खोली वापरू देणारे माननीय ईश्वरदासजी शेठ, व्यासपीठावर बसलेले नगरपालिकेचे सन्माननीय सभासद नंदलालजी, गोंदियातल्या प्रत्येक सभेप्रमाणे याही सभेची सगळी व्यवस्था अंगावर घेणारे श्यामलालजी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले जागेश्वर मास्तर, आणि समोर बसलेल्या बंधूंनो व भगिनींनो,

महिला मंडळाने मला बोलायला उभे केले आहे. मी मंडळाचा जमाखर्च ठेवते. जमाखर्च ठेवणाऱ्या बाईला भाषणाला उभे करू नये. ती शब्दही हात आखडूनच देते. पण निर्मलाबाईंचा घसा बसला, म्हणून ही पाळी माझ्यावर आली. असो. त्या गोविंदाची इच्छा.

माझ्या आधी दोघे बोलले. मास्तर किती गुणी, किती साधे, किती निर्व्यसनी, हे दोघांनीही सांगितले. सगळे खरे आहे. पण मास्तर जात का आहेत, हे कोणी बोलले नाही. आपण घरचा पाहुणा निघाला तरी विचारतो ना, की बाबा, दोन दिवस राहिला असतास, काऊन चालला? मग मास्तरांना कोणी विचारले?

मास्तर उद्या छोट्या रेल्वेगाडीने सौंदडला पुतण्याकडे जात आहेत. पुतण्याच्या शेतात, धानाच्या बांधीवर राखणीला माणूस पाहिजे. रिकामा डबा वाजवून पाखरे हाकलायची. "ताल तरी सुटणार नाही," असे मास्तर मला म्हणाले आणि हसले. मला हसता आले नाही.

गेल्या सोमवारी ते आमच्या ओसरीवर आले होते. बसा म्हटले तर बसले नाहीत, पाणी तेवढे घेतले. म्हणाले, "सुमित्राबाई, माझं गाणं शामकला पुढे चालवेल का? एवढंच विचारायला आलो."

शामकला म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमचे दीर खुशालभाऊजी, त्यांची मंडळी. ती पलीकडे तिसऱ्या ओळीत बसली आहे. तिच्याकडे वळून पाहू नका, ती लाजते. मी मास्तरांना म्हटले, तिला विचारते आणि उद्या घरी येऊन सांगते. तर म्हणाले, "घरी नका सांगू. घरी सांगाल तर मी वाद घालीन, समजूत काढीन. निरोपाच्या सभेत सांगा. तिथे मला गप्प बसावं लागेल."

तेव्हा मी आज भाषणापेक्षा ते उत्तर द्यायला उभी आहे. पण प्रश्न काय होता हे सभेला कळल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. म्हणून थोडे मागे जाते. श्यामलालजी, आपण घड्याळाकडे पाहू नका. मी लवकरच आवरते.

मास्तर आमच्या गावात आले तेव्हा ते सर्वांसारखेच गात असत. नागपूरला चांगल्या गुरूकडे शिकलेले. पेटी, तबला, ख्याल, भजन, सगळे यथास्थित. दुपारी घरची भांडी आवरली की आम्ही बायका, काही मुली, शेठजींच्या धर्मशाळेतल्या त्या खोलीत जाऊन बसत असू. पुढे एका दिवाळीत मास्तरांनी वर्गात पाच कवड्या आणल्या. आम्हाला वाटले, सणाचे दिवस आहेत, खेळायला आणल्या असतील. आमची देवकाबाई तर म्हणालीही, "मास्तर, डाव मांडता का? मी लय हुशार आहो बरं कवड्याईत!"

मास्तर म्हणाले, "भूप रागात स्वर किती?"

"पाच."

"आणि कवड्या?"

"पाच."

"मग टाका."

त्यांची रीत अशी. पाच कवड्या टाकायच्या. एक उताणी पडली तर सा, दोन पडल्या तर रे, तीन तर ग, चार तर प, आणि पाचही उताण्या तर ध. जो स्वर पडेल त्यावर जाऊन मास्तर विसावणार. तिथपर्यंत कोणत्या वाटेने जायचे ते गळ्याने पाहावे, पण मुक्काम कवडीने सांगितलेला. आणि पाचही पालथ्या पडल्या तर? देवकाबाईने तेच विचारले.

"तर कोणताच स्वर नाही. गप्प."

"किती वेळ गप्प?"

"शेवटचा स्वर कानातून पुरता निघून जाईपर्यंत. माझ्या नव्हे, ऐकणाऱ्याच्या कानातून."

आता तुम्ही म्हणाल, हे काय गाणे झाले? आम्हीही म्हटले. गावात कोणी म्हणाले जुगार, कोणी म्हणाले मास्तरांचे डोके फिरले. मी देवभोळी बाई. मी त्यांना म्हटले, मास्तर, कवड्या टाकायच्याच तर निदान देवापुढे टाका, म्हणजे जे पडेल ते त्याच्या मनातले असेल. तर म्हणाले, "देवाला कायले त्रास, बाई? सगळं गाव त्यालाच विचारून राहिलं. एक प्रश्न कमी." मग गंभीर होऊन म्हणाले, "मी गातो तेव्हा मी गात नाही, माझी सवय गाते. बैल जसा रोजच्या वाटेने घरी येतो तसा माझा गळा येतो. लोक वा वा म्हणतात ते त्या वाटेला. कवडी मला वाट मोडायला लावते."

हे मला अर्धेच समजले. पण ते गप्प बसणे मात्र मला लवकर समजले, आणि ते गाणाऱ्या बायकांपेक्षा आधी समजले, कारण मला गळा नाही. आपण देवाला नैवेद्य दाखवतो, पाणी फिरवतो, आणि मग ताटापुढून थोडे बाजूला होतो. का होतो? त्याला जेवायला जागा व्हावी म्हणून. आपणच ताट धरून बसलो तर तो येणार कुठून? मास्तरांचे गप्प बसणे मला तसे वाटले. ताट वाढून बाजूला होणे.

आमच्यापैकी हे साधले फक्त शामकलाला. बाकीच्यांना पालथ्या कवड्या पडल्या की खोकला येई, नाहीतर हसू येई. ती मात्र शांत बसे. मास्तर गायला लागले की कवड्या तिच्या हातात, आणि ती गायला लागली की मास्तरांच्या. एकदा ती गप्प झाली आणि बाहेर गिरणीचा भोंगा वाजला, गाड्यांचे बैल गळ्यातल्या घंटा हलवत उभे होते ते ऐकू आले, आणि मग ती पुन्हा 'सा'वर आली तेव्हा तो सा त्या घंटांच्या आतून निघाल्यासारखा वाटला. मास्तर म्हणाले, "हे मला जमत नाही. हे हिचं." गुरूने असे म्हणणे थोडे आहे का?

मग वर्गाचा वाढदिवस आला. तो याच सभागृहात झाला. अध्यक्षांच्या खुर्चीवर तेव्हाही शेठजीच होते. तेव्हा त्यांच्या मातोश्री, अम्माजी, घरी आजारी होत्या, पण दुखणे उताराला लागले होते. पेज घेऊ लागल्या होत्या. भर दुपारची वेळ, सभागृह असे भरलेले. मास्तर भूप गायला बसले. शेजारी शामकला, कवड्या तिच्या हातात.

गाणे रंगले होते. खोटे सांगत नाही, नंदलालजींचीही मान डोलत होती. तेवढ्यात शेठजींच्या धानगिरणीचा माणूस आत आला, त्यांच्या कानाशी लागला. धानाच्या गाड्या येऊन रस्त्यात अडकल्या आहेत, असा निरोप होता. शेठजींच्या कपाळाला आठी पडली. ती सर्वांनी पाहिली. आणि त्याच वेळी शामकलाने कवड्या टाकल्या, त्या पाचही पालथ्या.

मास्तरांनी डोळे मिटले. सभागृह शांत. शेवटचा स्वर गेला, तिने पुन्हा टाकल्या. पुन्हा पालथ्या. आता सांगा, आपल्या गावाला सभेतली शांतता कुठे भेटली होती? बापूजी गेले तेव्हा, साऱ्या देशाने पाळली ती. त्या वर्षापासून आपण शिकलो, की भरल्या सभेत सगळे एकाएकी गप्प झाले म्हणजे कोणीतरी गेले, आणि तेव्हा उभे राहायचे असते. ते शिकवण्यात श्यामलालजींचा वाटा मोठा. किती शोकसभा त्यांनी पार पाडल्या! त्या सवयीने ते उभे राहिले. हात जोडले, मान खाली घातली. त्यांच्या बाजूचे उभे राहिले. मग पुढची रांग, मग मागची, मग आम्ही बायका.

माझ्या पुढेच दोघांची कुजबुज झाली.

"कोण गेलं?"

"मालूम नहीं. खड़े रहो."

"शेठजींच्या कानात काही सांगितलं न् आता."

"अरे राम! अम्माजी?"

हसलात. मीही पुष्कळ दिवस हसले असते, पुढचे घडले नसते तर. ती 'अम्माजी' रांगेरांगेने मागे गेली आणि पुढे आली. शेठजींनी पाहिले, सगळे गाव आपल्याकडे तोंड करून हात जोडून उभे आहे. त्यांना काय वाटले असेल? माझ्या घरचे मलाच सांगायला कोणाची जीभ उचलत नाही, असेच ना? शेठजी, क्षमा करा, पण तुम्ही तेव्हा लहान लेकरासारखे "माँ" म्हणालात आणि चपला न घालता धावलात. ते ज्याने पाहिले त्याने तुमच्यावर राग धरू नये. मी धरला नाही.

आणि मास्तर? त्यांनी डोळे उघडले तेव्हा शेठजी दाराबाहेर गेलेले. समोर सगळे सभागृह हात जोडून, मान वाकवून उभे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. लोकांनी ते मातोश्रींसाठी समजले. पुढे कितीतरी दिवसांनी ते मला म्हणाले, "सुमित्राबाई, मला वाटलं, लोकांना कळलं. गाण्यातल्या रिकाम्या जागेला माझं गाव उठून नमस्कार करतं, असं वाटलं मला. तेवढा वेळ मी सुखी होतो."

तो तेवढाच वेळ. पुढे लोक शेठजींच्या मागोमाग त्यांच्या घरी गेले. बायकांनी फाटकापासूनच रडे काढले. आत अम्माजी खाटेवर बसून कटोऱ्यातून पेज पीत होत्या. त्यांनी विचारले, "कौन मर गया रे?" सगळे त्यांच्याकडे पाहत उभे. त्या एकेकाकडे पाहत गेल्या. मग कटोरा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अच्छा. तो मेरे लिए आए हो. बैठो, बैठो." आणि हसल्या.

पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पेज घेतली नाही. "सब रो चुके, अब क्या खाऊँ," म्हणत. सुनांनी हात जोडले, वैद्य आले, देवाचे तीर्थ झाले. पंधरवडा संपायच्या आत त्या गेल्या.

शेठजी इथेच बसले आहेत, म्हणून मान खाली घालून बोलते. अम्माजींचे वय झाले होते, शरीर थकले होते. नेमके कशाने गेल्या हे वरचाच जाणे. पण गावाने ठरवले, मास्तरांच्या गप्प बसण्याने गेल्या. आणि कवड्या कोणी टाकल्या? शामकलाने. लागोपाठ दोनदा पालथ्या टाकल्या. "हात कसा हाय बाईचा!" असे म्हणू लागले. विहिरीवर तिने दोर धरला की दुसऱ्या बायका मागे सरत. जे उभे राहिले त्यांचे काही नाही, जे रडत गेले त्यांचे काही नाही. जी खाली मान घालून बसली होती तिचा हात वाईट.

तेरवीच्या आधी शेठजींनी मास्तरांना बोलावणे पाठवले. दुसरा कोणी असता तर खोलीला कुलूप घातले असते. शेठजी एवढेच म्हणाले, "मास्टरजी, तेरवी में भजन गाइए. मगर बीच में रुकना नहीं. और ये कौड़ी वगैरह बंद. वर्ग चलने दो." दुःखात असलेल्या माणसाने याहून कमी काय मागावे?

मास्तरांनी रात्रभर विचार केला म्हणतात. वर्ग राहिला तर शामकला राहील, ती राहिली तर गाणे राहील, असा त्यांचा हिशेब. तेरवीला ते गायले. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते ऐकले. कसे गायले! एका कडव्यातून दुसऱ्या कडव्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, कुठे फट नाही. श्वास घ्यायलाही भीत होते, श्वासाच्या जागी पेटीचा सूर दाबून धरत होते. लोक म्हणाले, वा, मास्तर सुधारले. खाली उतरल्यावर मी त्यांना पाणी दिले. म्हणाले, "लोकांना आवडलं, बाई. आता काही उरलं नाही."

आणि एवढे करून वर्ग राहिला का? आयांनी मुली पाठवणे बंद केले. कोणाच्या मुलीला पाहुणे पाहायला येणार होते, कोणाची सासू नको म्हणाली. जिथे पालथ्या कवड्या पडल्या त्या जागेवर मुलगी बसवायची कशी? शेवटी शामकला, मी आणि देवकाबाई. देवकाबाईही संक्रांतीनंतर आली नाही. आता त्या खोलीत गिरणीचा बारदाना ठेवायचे ठरले आहे. रिकामी ठेवून काय करायचे? बरोबरच आहे.

आता मास्तर, तुमचे उत्तर.

तुम्ही विचारलेत, ती पुढे चालवेल का. तुमच्या मनात असेल की घरचे गाऊ देणार नाहीत. तसे नाही. आमच्या घरात गाण्याला कोणाची हरकत नाही. सासूबाई जुन्या आहेत, पण म्हणतात, "गावू दे, गोड गावते पोरगी." खुशालभाऊजी तर दारात उभे राहून ऐकतात. दुपारी परसात ती गायला बसते. स्वर चालला आहे तोवर सगळे ठीक. ती थांबली, की लगेच पुढल्या घरातून सासूबाई, "काऊन चूप झाली व? का झालं?" कुंपणापलीकडून शेजारीण, "भांडन झालं का माय?" भाऊजी बांधीवरून येतात, पाहतात ही डोळे मिटून बसलेली. "रुसली का? मी का म्हटलं तुले?" बिचाऱ्यांचा जीव घाबरा होतो. बाई गाते तर सुखी, रडते तर दुःखी, बोलते तर भांडते. पण नुसती गप्प बसली तर ती कोण? ते घराला कळत नाही. आणि जे कळत नाही त्याची भीती वाटते.

मी एकदा सासूबाईंना सांगितले, ती जप करते. वाटले, जपाला तरी कोणी हटकणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "जप असन तं ओठ हालले पायजे. मी आंधळी नोहो."

आणि अम्माजी गेल्यावर तर, "चूप नोको बसू व बाई, कोनाचं का होईन!" प्रेमानेच म्हणतात. तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणतात. मग ती थांबण्याच्या जागी गुणगुणू लागली. पुढे मी पाहिले, गाता गाता थांबली की डाव्या हाताने शेजारचा गंज हळूच हलवते, भांड्याचा आवाज करते. म्हणजे घरात कळावे, की काही झालेले नाही, सगळे ठीक आहे. असे करता करता एका दुपारी तिने कवड्या काढल्याच नाहीत. मीही विचारले नाही.

तुमचा प्रश्न मी तिला सोमवारीच सांगितला. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "बाई, मास्तरले सांगजा, गानं विसरली नाही. पन थांबाले जागा नाही घरात."

मी म्हटले, मी सांभाळून घेईन, मी घरची मोठी सून आहे. तर म्हणाली, "तुमी किती दिवस साऱ्याइले सांगत फिरान, की इले काही नाही झालं?"

याचे उत्तर मी रोज देवापुढे दिवा लावताना शोधते. देव काही बोलत नाही. मास्तर म्हणतील, तेच उत्तर आहे. पण मला, मास्तर, तसे वाटत नाही. मला ते नुसते न बोलणे वाटते. तुमच्याकडून मी एवढे शिकले, की एक गप्प भरलेले असते आणि एक रिकामे. आपल्या गावात आता जे राहणार आहे ते दुसरे.

तर उत्तर 'नाही' असे आहे. तुम्ही म्हणाला होता तसेच झाले, तुम्हाला इथे वाद घालता येत नाही. माझ्याकडे असे पाहू नका. मला पुढचे बोलवणार नाही.

मंडळाने मास्तरांसाठी शाल आणि श्रीफळ आणले आहे. शाल साधी आहे, पण ऊबदार पाहून घेतली. बांधीवर पहाटे थंडी असते. ईश्वरदासजींनी सभागृह दिले, श्यामलालजींनी खुर्च्या, सतरंज्या, पेटी, सगळे वेळेवर आणले, तुम्ही सर्वांनी शेतीची आणि दुकानाची कामे सोडून इतका वेळ ऐकून घेतले, त्याबद्दल महिला मंडळातर्फे सर्वांचे मनापासून आभार. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली घरची बाई. मान्यवरांसमोर अधिकउणे बोलले असेन, शेठजींच्या ताज्या दुःखाला माझा हात लागला असेल, तर लेकीचे बोलणे समजून पदरात घ्यावे.

आता कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे शामकला निरोपाचे भजन म्हणेल. पेटीवर तिला साथ आहे.

मास्तर, ती कुठेही थांबणार नाही.